हवेत थांबलेला बुटका

सून कामावरून घरी यायची तेव्हा बुटका हवेत असायचा.

बुटका म्हणजे खेळातला. हिरव्या टोपीचा, पाठीला गाठोडं बांधलेला, टीव्हीच्या पडद्यावर बोटाच्या पेराएवढा दिसणारा माणूस. मनोरा चढत राहायचं, एवढंच त्याचं जिणं. मजल्यामागून मजला, शिडीमागून शिडी. मध्ये खड्डे, खड्ड्यांत सुळे, आणि फरशीवरून सरपटत येणारे काळे कोळी. खेळ नवऱ्याच्या शाळेच्या वयातला. कॅसेट खोचायची, बटण दाबायचं, पोचाल तिथवर पोचायचं. खेळलेलं साठवून ठेवायची सोय त्यात नव्हती. मशीन बंद झालं की बुटका परत तळाशी. म्हणून या घरात मशीन बंद होत नसे. खेळ पॉजवर ठेवायचा, टीव्ही तेवढा बंद करायचा आणि मशीनचा लाल ठिपका रात्रंदिवस जळत ठेवायचा. भिंतीवरच्या त्या एका बटणावर सुनेने चिकटपट्टी लावली होती, चुकून कुणाचा हात लागू नये म्हणून.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा, दिवसपाळीला. सून हॉस्पिटलच्या धुलाईखान्यात, रातपाळीला. सकाळी तो दार ओढून जायचा आणि तासाभराने ती दार ढकलून यायची. संध्याकाळी ती गेली की तो यायचा. उंबरा एक, पण पावलाला पाऊल लागायचं नाही. उशी एक, पण एकाची ऊब विरली की दुसऱ्याचं डोकं टेकायचं. ती यायची तेव्हा त्याचा कप धुऊन पालथा असायचा, टॉवेल ओला असायचा, आणि सासूने पांघरुणाची घडी घातलेली असायची. नवरा आहे, याची घरात एवढीच खूण. आणि दुसरी खूण बुटका.

खेळायला वेळ असा कुठे होता. घरी आल्यावर ती आंघोळीसाठी गिझर लावायची आणि त्याचा दिवा विझेपर्यंत खेळायची. दहा मिनिटं, फार तर पंधरा. रात्रभर चादरी उपसलेले हात, त्या चादरींवर कोण निजलं होतं, कोण उठलं, कोण उठलंच नाही, हे मनात येऊ द्यायचं नाही असं ठरवलेलं डोकं. त्या डोक्याला तेवढी दहा मिनिटं पुरायची. एक शिडी, एक मजला. मग पॉज. संध्याकाळी तिथून पुढे तो. त्याचं माप चहाचं. चहा समोर ठेवून खेळायला बसायचा, आणि थंडगार झाला की एका घोटात प्यायचा. सासू म्हणायची, "तुला चहा कशाला, पाणीच देते रंग टाकून."

सून जाताना बुटक्याला शिडीच्या पायथ्याशी नीट उभं करायची. नवरा तसं करायचा नाही. तो बुटक्याला खड्ड्यावरून उडी मारायला लावायचा आणि उडी ऐन भरात आली की पॉज दाबायचा. सकाळी तिने टीव्ही लावला की बुटका अधांतरी, पाय फाकलेले, टोपी वर उडालेली, खाली सुळे. आता स्टार्ट दाबायचं आणि त्याच श्वासात पुढचं बटण. बोट एवढंसं चुकलं की गेला.

"मुडद्या," ती म्हणायची.

स्वयंपाकघरातून सासू विचारायची, "सकाळी सकाळी कुणाचा उद्धार?"

"तुमच्या लेकाचा."

"कर कर. माझ्याही वाटच्या दोन दे."

बुटका पलीकडे उतरायचा, सुनेच्या छातीत धस्स झालेलं निवळायचं, आणि रात्रभर न आलेलं हसू यायचं. दिवसभरात नवरा तिला भेटायचा तो तेवढाच, त्या एका उडीत. भेट केवढी, तर खड्ड्याएवढी. पण भेट होती.

लग्न झालं त्या आठवड्यात त्याने हे मशीन माळ्यावरून काढलं होतं, फुंकर मारून कॅसेट बसवली होती. खेळ सुरू व्हायच्या आधी एक सुरावट वाजायची, टिणटिण करत चढत जाणारी. तो म्हणाला होता, "ही वाजून संपेपर्यंत माझ्याकडे बघ. मग आहेच खेळ." ती लाजून पडद्याकडेच बघत राहिली होती. नंतर मशीन बंद व्हायचंच थांबलं. मध्ये कधी वीज गेली तर तोच संध्याकाळी पुन्हा सुरू करायचा. ती सुरावट तिच्या कानावर पडून कित्येक वर्षं झाली होती.

एके सकाळी तिने टीव्ही लावला आणि बुटका जमिनीवर होता.

शिडीजवळही नव्हता. खड्ड्यापासून दूर, भिंतीला पाठ लावून उभा, थंडी वाजत असल्यासारखा. तिने सवयीने श्वास रोखलेलाच होता. सोडायला जागा मिळेना.

पहिल्या दिवशी तिला वाटलं, घाईत असेल. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी तिला एकदम उमगलं. निदान तिला तसं वाटलं. मागच्या महिन्यात तिच्या मनगटाला पट्टा बांधावा लागला होता, ओल्या चादरींच्या ओझ्याने. त्याने पट्टा पाहिला असेल. बोलायला जमत नाही त्याला. मग हे असं. दमून येते, तिला उडी नको, सुखाने उभा ठेवून जाऊ.

ती कंट्रोलर तसाच हातात घेऊन स्वयंपाकघराच्या दारात गेली.

"आई, तुमचा लेक सुधारला."

सासू कांदा चिरत होती. सुरी थांबली.

"काय केलं त्याने?"

"बुटक्याला हवेत सोडायचा ना, आता उतरवून जातो. तीन दिवस झाले. काळजीच घ्यायला लागलाय की हो माझी."

सासूने पुन्हा सुरी चालवली. कांदा होता, डोळ्यांत पाणी होतं, त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं.

"एवढ्याशाने किती बरं वाटतं माणसाला," सून म्हणाली. मग तिने नवऱ्याला फोनवर लिहिलं: 'आजकाल उतरवून जातोस. कळलं मला.' दुपारी अंगठ्याचं चित्र आलं. फक्त अंगठा. त्यांचं फोनवरचं बोलणं आधीच आटलं होतं. 'जेवलीस का', 'हो', 'पाणी भरलं', 'बरं'. त्या कोरड्या पात्रात हा अंगठाही तिला ओला वाटला. लाजला असेल, ती मनात म्हणाली.

मग दिवस असेच गेले. धुलाईखान्यातलं मोठं मशीन बंद पडलं आणि सगळ्यांच्या रविवारच्या सुट्ट्या रद्द झाल्या. एरवी रविवार तेवढा दोघांचा. ती रविवारी घरी आली तर सासू म्हणाली, "त्याला बोलावून घेतलं गं. कुठेतरी लिफ्ट अडकलीय." पुढच्या रविवारीही अडकली. त्याच्या पुढच्या रविवारी सून थट्टेने म्हणाली, "आई, या गावात जिने नाहीत का?" सासू हसली, पण ते हसू तिच्या तोंडावर बसलं नाही, उसनं आणल्यासारखं सरकलं.

कप रोज पालथा होता. टॉवेल रोज ओला होता. बुटका रोज भिंतीला टेकलेला होता. एवढंच की तो आता फारसा वर चढत नव्हता. कधी अर्धा मजला, कधी तोही नाही. आणि कोपऱ्यातल्या टोप्या कमी होत चालल्या होत्या. एक टोपी म्हणजे एक लाईफ. दोघांनी मिळून साठवलेल्या, पडद्याची वरची कड भरून गेली होती. त्या आता ओळीने गळत होत्या. सुनेने त्यालाही कारण शोधलं. दमतो. डोळे मिटत असतील खेळताना. तिने त्याच्यासाठी एक टोपी मिळवायला गिझर विझल्यावरही पाच मिनिटं जास्त घालवली, आणि पाणी निवल्यावर कुडकुडत आंघोळ केली.

त्या संध्याकाळी ती कामाला निघाली आणि बसस्टॉपवर पोचल्यावर लक्षात आलं, मनगटाचा पट्टा घरीच राहिला. पट्ट्याशिवाय रात्र निघायची नाही. ती मागे फिरली. जिना चढून तिने किल्लीने दार उघडलं.

टीव्ही चालू होता. आवाज अगदी बारीक. सासू खाली सतरंजीवर बसली होती, पडद्याच्या इतकी जवळ की चष्म्याच्या दोन्ही काचांत दोन बुटके दिसत होते. तिच्या गाठी आलेल्या बोटांत कंट्रोलर होता, गरम भांडं धरावं तसा. एकेक बटण ती आधी नजरेने शोधायची, मग दाबायची. आणि ओठांतल्या ओठांत बोलत होती, जसं रांगत्या मुलाशी बोलतात:

"पायरी पायरीनं चढ, लेकरा, सांभाळून,
वरल्या खोलीमधी दिवा ठेवला लावून."

कोळी आला. सासू घाबरून कंट्रोलरसकट स्वतःच डावीकडे कलली. बुटका मात्र जागचा हलला नाही. एक टोपी गेली.

"आई," सून म्हणाली.

सासूने मागे पाहिलं. कंट्रोलर लपवावा असं तिला वाटलं असणार, हात पदराकडे गेलाही. पण वायर कुठे लपवणार. तिने तो मांडीवर ठेवला.

"तू गेली नाहीस?"

"पट्टा विसरला. तुम्ही कधीपासून खेळता?"

सासू मांडीवरची वायर गुंडाळू लागली.

"आई, तो कुठे आहे?"

या घरात एकेकाळी सासूनेच हे मशीन भिंतीतून उपटलं होतं. लेक सातवीत होता, परीक्षा तोंडावर होती. डोळे फुटतील, म्हणाली होती, आणि तारच ओढली होती. ती आता त्याच मशीनसमोर चोरासारखी बसली होती.

"गेला गं," ती म्हणाली. "तू उतरलेला बुटका बघितलास ना पहिल्यांदा, त्याच्या आदल्या दिवशी. तू गेल्यावर आला. दोन शर्ट घेतले. म्हणाला, तिला तू सांग, मला नाही जमणार. मी म्हटलं, मी का सांगू? तोंड तुझं, तू सांग. तर म्हणाला, रविवारी येऊन सांगतो." तिने चष्मा काढला. "तीन रविवार गेले."

"कुणी आहे?"

"आहे." थोडं थांबून ती म्हणाली, "मी पाहिलेली नाही. विचारलंही नाही. मला नाव ऐकायचं नव्हतं."

सून भिंतीला पाठ लावून उभी होती. तिला पडद्यावर बुटका दिसला, तोही तसाच.

"आणि हे?"

"मला वाटलं, एक दिवसाची गोष्ट. खूळ उतरेल, येईल परत. तोवर तुला कळून कशाला घर ढवळायचं? कप मी पालथा घालायची, टॉवेल भिजवायची. याचं मात्र मला काही कळेना. तू हा उभा करून ठेवतेस एवढं पाहिलेलं होतं. मग मीही इकडची तिकडची बटणं दाबून थोडा हलवला आणि उभा केला. तो हवेत सोडून जायचा, हे मला काय ठाऊक? आणि तू आलीस दारात. म्हणालीस, काळजी घेतो माझी, किती बरं वाटतं." सासूने पदराने चष्मा पुसला. "मग मला थांबताच येईना गं."

सुनेला त्या तीन आठवड्यांतल्या सकाळी आठवल्या. भिंतीला टेकलेला बुटका बघून ती कशी रोज मनातल्या मनात न्हाऊन निघत होती. प्रेम होतं ते खरंच होतं. ज्याचं आहे असं ती समजली त्याचं नव्हतं, एवढंच. आणि तो अंगठा. तिने काय लिहिलं हे त्याला कळलंसुद्धा नसेल, तरी त्याने अंगठा पाठवला होता.

ती खाली बसली. सासूच्या मांडीवरचा कंट्रोलर घेतला.

"टोप्या घालवल्या मी सगळ्या," सासू म्हणाली. "एकच राहिली."

"किती मजले चढवलात?"

"मोजले नाहीत. दोन चढले, चार उतरले असेन."

"मग चांगलं खेळता." सुनेचे डोळे आता वाहत होते, पण बोलणं सरळ होतं. "मला पहिल्या वर्षी शिडीसुद्धा सापडायची नाही."

"मी जाते हवं तर," सासू म्हणाली. "त्याच्याकडे नाही जायची. बहिणीकडे जाईन. तुझ्या डोळ्यांसमोर त्याची आई कशाला?"

"आणि मी आल्यावर शिव्या कुणाला देऊ? बसा गप."

तिने बुटक्याला पळवलं. खड्ड्याच्या काठावर आणलं, उडी मारायला लावली, आणि तो ऐन वर असताना पॉज दाबला. इतक्या वर्षांत तिने हे कधी केलं नव्हतं. बुटका लटकत राहिला, पाय फाकलेले, टोपी वर, खाली सुळे.

"याला आता हात लावायचा नाही, आई. तुम्हीही नाही, मीही नाही. ज्याची खोड आहे तो येऊन उतरवेल."

मग तिने पट्टा बांधला आणि कामाला गेली. त्या रात्रीही चादरी आल्याच. पाढे म्हणावेत तशा तिने त्या उलगडल्या, झटकल्या, कोपऱ्याला कोपरा लावून घड्या घातल्या. पहाटे निघताना नवऱ्याला लिहिलं: 'सामान राहिलंय तुझं. मी असताना ये.'

तो आला, पण त्यालाही आठवडा गेला. सकाळी ती नुकतीच आली होती, गिझर लावला होता. बेल वाजली. किल्ली असून त्याने बेल वाजवली, तिथेच तिला निम्मं कळलं.

"आईने सांगितलं असेल," तो म्हणाला. अंगात नवा स्वेटर होता, हाताने विणलेला.

"हो."

"मी सांगणारच होतो."

"सगळ्या गावाला वरखाली नेतोस आणि तुला आपला एक जिना चढायला महिना लागला."

तो हसला नाही. सासू आतून त्याची अवजारांची पेटी आणि कपड्यांची पिशवी घेऊन आली, त्याच्या पायाशी ठेवली आणि लेकाकडे न बघता खाटेवर जाऊन बसली.

"तू ते काहीतरी लिहिलं होतंस," तो सुनेला म्हणाला, "उतरवून जातोस म्हणून. ते काय होतं?"

"काही नाही." तिने टीव्ही लावला. बुटका उजळला, तसाच, हवेत. "एवढं काम तुझं राहिलंय. उतरव याला. मग जा."

तिच्या मनात काय होतं ते तिने स्वतःलाही धड सांगितलं नव्हतं. पण होतं ते एवढंच होतं: त्याने बुटक्याला उतरवावं, पुढच्या खड्ड्यावर न्यावं, आणि जाताजाता सवयीने हवेत थांबवावं. बाकी काही नको. तेवढी एक उडी उद्यासाठी ठेवून जावी.

त्याने कंट्रोलर हातात घेतला आणि चेहरा क्षणभर जुना झाला. ओठ मुडपले, खांदा वर गेला. स्टार्ट. बुटका सुळ्यांवरून अलगद पलीकडे टेकला.

"जमतंय की अजून," तो म्हणाला. खरंच हसला. सुनेने ते हसू पाहिलं आणि नजर पडद्याकडे वळवली.

बुटका चार पावलं चालला. पुढे दुसरा खड्डा होता.

त्याच्या खिशात फोन वाजला.

"हो," तो फोनवर म्हणाला. "हो, निघालोच. नाही नाही, खाऊन घे तू." तो आवाज सुनेला माहीत होता. मऊ, शेवटचा शब्द खाली ठेवणारा. लग्नाच्या पहिल्या वर्षातला आवाज. तो संपून गेला असं तिला वाटत होतं. संपला नव्हता.

बोलता बोलता त्याने कंट्रोलर खुर्चीवर ठेवला, पेटी उचलली, पिशवी खांद्याला लावली, आईच्या पायांकडे वाकल्यासारखं केलं आणि दार ओढून गेला. जिन्यावर त्याचं बोलणं ऐकू येत राहिलं, एकेका मजल्याने बारीक होत.

त्याने पॉज दाबला नव्हता.

खेळ चालूच होता. बुटका खड्ड्याच्या अलीकडे उभा होता, पाय बदलत, पुढचं कुणी सांगेल याची वाट बघत. उजवीकडून कोळी निघाला.

"अगं, कोळी," सासू म्हणाली.

सून हलली नाही.

सासूने वाकून कंट्रोलर घेतला. गाठीचा अंगठा बटण शोधू लागला. सुनेने तिचं मनगट धरलं, हलकेच, पिकलं फळ धरावं तसं.

"राहू द्या, आई."

कोळी आला. बुटका उलटा झाला, टोपी एकीकडे, गाठोडं एकीकडे, आणि पडद्याच्या तळातून खाली निघून गेला. मग काळ्यावर पांढरे आकडे आले. नऊ. आठ. अजून बटण दाबलं असतं तर परत आला असता. दोघी आकडे बघत राहिल्या. सासूचा हात सुनेच्या हातात होता, आणि कोण कुणाला धरून आहे ते सांगता आलं नसतं. तीन. दोन. एक.

पडदा निळा झाला आणि ती सुरावट सुरू झाली. टिणटिण करत, एकेक पायरी चढत, वर जाऊन पुन्हा पहिल्या पायरीवर येणारी.

"हे कुठलं गाणं?" सासूने विचारलं. "ऐकल्यासारखं वाटतंय कधीतरी."

"सुरुवातीचं आहे," सून म्हणाली, आणि मग तिला जे रडू आलं ते तिने अडवलं नाही.

गिझरचा दिवा विझला. सुरावट संपली, पुन्हा सुरू झाली. दोघींपैकी कुणी उठलं नाही.